फ्रेडवरचा ‘एकूण मालमत्ता’ आलेख: फुकट, अचूक आणि अर्धवट

अमेरिकेची मध्यवर्ती बँक, म्हणजे फेड, तिचा ताळेबंद किती फुगला, किती आटला हे बघायला जगभरातले लोक एकाच ठिकाणी जातात. ते ठिकाण म्हणजे सेंट लुईसच्या फेडरल रिझर्व्ह बँकेची ‘फ्रेड’ ही आकडेवारी सेवा. १९९१ पासून सुरू आहे, पूर्ण मोफत आहे आणि तिच्यात आकड्यांच्या आठ लाखांहून जास्त मालिका आहेत. त्यातली डब्ल्यूएएलसीएल ही एकच मालिका इथे तपासायची आहे: फेडची एकूण मालमत्ता. सेवेला पाचपैकी साडेचार तारे द्यायला हरकत नाही. हा आलेख मात्र एकटा वाचला तर तीनच. आकड्यांत चूक नाही, पण ताळेबंदाला दोन बाजू असतात आणि इथे एकच दिसते. तीच बघून ‘बाजारात पैसा वाढला’, ‘पैसा आटला’ असे निष्कर्ष बेधडक काढले जातात.

शोधपेटीत डब्ल्यूएएलसीएल टाकलं की पान लगेच उघडतं. नाव लांबलचक आहे: एकूण मालमत्ता, एकत्रीकरणातली वजावट करून, बुधवारची पातळी. यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे आणि पानावर एकाचाही धड खुलासा नाही. फेडच्या बारा प्रादेशिक बँका आहेत. त्यांची आपापसातली येणी-देणी दोनदा मोजली जाऊ नयेत म्हणून ती वजा होतात. ‘बुधवारची पातळी’ म्हणजे बुधवारी दिवसअखेर पुस्तकात जे होतं ते. आठवड्याची सरासरी देणाऱ्या मालिका वेगळ्या आहेत, त्यांची नावं जवळपास सारखीच आहेत आणि शोधात त्या याच्या शेजारीच येतात. तेव्हा नावाचे शेवटचे शब्द वाचल्याशिवाय मालिका उचलू नये. आकडा फेडच्या एच.४.१ या साप्ताहिक पत्रकातून येतो. ते गुरुवारी, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे दुपारी साडेचारला निघतं आणि त्यानंतर लवकरच फ्रेडवर नवा बिंदू चढतो. मालिका १८ डिसेंबर २००२ पासूनची आहे. त्याआधीचं काही हवं असेल तर दुसरीकडे शोधावं लागतं.

एकक आहे दशलक्ष डॉलर, आणि इथे मराठी वाचकाचा हमखास घोटाळा होतो. १३ एप्रिल २०२२ चा उच्चांक पानावर ८,९६५,४८७ असा दिसतो, कारण स्वल्पविराम तीन-तीन अंकांनी पडतात. आपल्या सवयीने तो ८९ लाख वाचला जातो आणि पुढे ‘८९ लाख दशलक्ष’ म्हणजे नक्की किती, इथे गाडी अडते. सोपी युक्ती अशी की शेवटचे सहा अंक दशांशचिन्हाच्या उजवीकडे टाकायचे. जे मिळतं ते थेट लाख कोटी डॉलरमध्ये: ८.९७ लाख कोटी. पुढचे सगळे आकडे याच मापात दिले आहेत.

आलेखाची गोष्ट थोडक्यात अशी. ऑगस्ट २००८ मध्ये सुमारे ०.९ लाख कोटी, त्याच वर्षाच्या अखेरीस २.२ च्या आसपास, २०१५ च्या सुरुवातीला ४.५. मग २०१७ च्या ऑक्टोबरपासून कपात, म्हणजे मुदत संपलेल्या रोख्यांचा पैसा पुन्हा न गुंतवणं, ऑगस्ट २०१९ च्या अखेरीस ३.८ च्या खाली. जून २०२० मध्ये ७.१ च्या वर, २०२२ मध्ये शिखर आणि जून २०२२ पासून पुन्हा उतार. साध्या मोजपट्टीवर २०२० ची उडी २००८ पेक्षा अक्राळविक्राळ दिसते. प्रमाणात पाहिलं तर २००८ ची मोठी, कारण तेव्हा काही महिन्यांत ताळेबंद दुपटीहून मोठा झाला. एडिट ग्राफमधल्या फॉरमॅटच्या कप्प्यात लॉग स्केलची खूण केली की हे लगेच दिसतं. वीस वर्षांचा आलेख लॉग न करता वाचू नये, असं आमचं स्पष्ट मत.

त्याहून बरी मोजणी म्हणजे देशाच्या एकूण उत्पन्नाशी तुलना. एडिट ग्राफमध्ये जा, पहिल्या ओळीतच जीडीपी ही मालिका जोडा आणि सूत्राच्या चौकटीत ‘ए भागिले बी भागिले १०’ लिहा. दहाच का? मालमत्ता दशलक्षात आहे आणि जीडीपी अब्जात, म्हणून हजाराने भागायचं. टक्केवारीसाठी शंभराने गुणायचं. शिल्लक राहतो दहाचा भागाकार. जीडीपीचा तिमाही आकडा आधीच वार्षिक दराने दिलेला असतो, तेव्हा त्याला चारने गुणायचा मोह आवरा. नाहीतर उत्तर चौथाईवर येतं. बरोबर केलं तर २००८ च्या संकटाआधी ६ टक्क्यांच्या आसपास आणि २०२२ च्या सुरुवातीला ३५ टक्क्यांच्या वर असं चित्र मिळतं. तसं मिळालं नाही तर शून्यं तपासा.

इथवर सेवा उत्तम. अडचण अर्थ लावताना येते.

मार्च २०२३ चे दोन आठवडे घ्या. ८ मार्चला एकूण मालमत्ता ८.३४ लाख कोटी होती, १५ मार्चला ८.६४ आणि २२ मार्चला ८.७३. महिनोन्‌महिने उतरणारी रेघ अचानक ताठ उभी राहिली आणि ‘फेडने पुन्हा नोटा छापायला घेतल्या’ असा गलका झाला. पहिल्या आठवड्यातल्या सुमारे ३०० अब्जांची फोड मात्र वेगळंच सांगते. डिस्काउंट विंडोवरून, म्हणजे फेडच्या नेहमीच्या कर्जखिडकीवरून, बँकांनी घेतलेली उचल १५३ अब्जांच्या जवळ पोहोचली होती. नव्या, एक वर्षापर्यंतच्या मुदतीच्या आपत्कालीन कर्जयोजनेतून सुमारे १२ अब्ज गेले. बुडालेल्या बँकांच्या जागी ठेव विमा महामंडळाने उभ्या केलेल्या तात्पुरत्या बँकांना सुमारे १४३ अब्ज दिले गेले. ही सगळी तारणावरची कर्जं. व्याज लागणारी आणि परत येणारी. रोख्यांची खरेदी नव्हतीच, उलट रोख्यांची कपात त्या आठवड्यांतही चालू होती. संकटात सापडलेल्या बँकेने ठेवीदारांचे पैसे द्यायला घेतलेलं कर्ज आणि व्याजदर खाली दाबायला केलेली रोखेखरेदी या दोन्हींमुळे डब्ल्यूएएलसीएल सारखंच वर जातं. अर्थव्यवस्थेवरचा परिणाम मात्र दोन टोकांचा असतो.

म्हणून या आलेखात निदान दोन रेघा आणखी चढवाव्यात: सरकारी रोख्यांची (टीआरईएएसटी) आणि गृहकर्जांवर आधारलेल्या रोख्यांची (डब्ल्यूएसएचओएमसीबी). ‘अ‍ॅड लाइन’ दाबून प्रत्येकी अर्ध्या मिनिटाचं काम. एकूण रेघ वर आणि या दोन्ही खाली, असं दिसलं की समजा कुणीतरी उसनवारीला आलं आहे. डॉलरच्या अदलाबदलीची, म्हणजे परदेशी मध्यवर्ती बँकांना त्यांच्या चलनाच्या बदल्यात दिलेल्या डॉलरची (एसडब्ल्यूपीटी), चौथी रेघ नेहमीच्या काळात जमिनीला चिकटलेली असते. मे २०२० मध्ये तीच सुमारे ४५० अब्जांवर होती. ती वर आली की डॉलरची टंचाई अमेरिकेबाहेर आहे, हे कळतं.

आता देण्यांची बाजू. फेडच्या मालमत्तेसमोर चार मोठी खाती असतात: चलनात असलेल्या नोटा, बँकांच्या राखीव ठेवी (बँकांनी फेडकडे ठेवलेली शिल्लक), सरकारचं फेडकडचं खातं आणि रिव्हर्स रेपो, म्हणजे मनी मार्केट फंडांनी (अल्पमुदतीच्या कागदांत पैसा ठेवणाऱ्या फंडांनी) रात्रभरासाठी फेडकडे ठेवलेली रक्कम. बँकिंग व्यवस्थेत खेळता पैसा म्हणाल तर तो राखीव ठेवींचा. एकूण मालमत्ता तीच राहून पैसा एका खात्यातून दुसऱ्यात गेला, तरी व्यवस्थेला ओढ बसू शकते किंवा सैल पडू शकते. डब्ल्यूएएलसीएलला यातलं काहीच दिसत नाही.

२०२३ चं वर्ष याचा नमुनाच आहे. जानेवारीत मालमत्ता साडेआठ लाख कोटींच्या आसपास होती आणि डिसेंबरअखेर ७.७, म्हणजे सुमारे ०.८ लाख कोटींची घट. बँकांच्या राखीव ठेवी मात्र वाढल्या: ३ लाख कोटींच्या आसपास होत्या, त्या साडेतीनच्या जवळ गेल्या. हे कसं? रिव्हर्स रेपोतली रक्कम सव्वादोन लाख कोटींवरून एक लाख कोटींच्या खाली आली. सरकारने अल्पमुदतीची बिलं, म्हणजे वर्षभराच्या आतल्या मुदतीचे रोखे, भरपूर काढली, त्यांवर परतावा थोडा बरा होता, म्हणून फंडांनी फेडकडचा पैसा उचलून तिकडे लावला. कपातीचा भार त्या साठ्याने सोसला. मालमत्तेचा आलेख बघून ‘पैसा आटतोय’ म्हणणाऱ्यांचे वर्षभराचे अंदाज फसले ते यामुळे.

उलट उदाहरण सप्टेंबर २०१९ चं. १७ तारखेला रेपोवरचा, म्हणजे सरकारी रोखे तारण ठेवून घेतलेल्या उसनवारीचा, एका रात्रीचा दर, सोफर, ५.२५ टक्क्यांवर गेला. फेडने ठरवलेला व्याजदराचा पट्टा तेव्हा २ ते २.२५ टक्के होता. त्याआधीच्या आठवड्यांत डब्ल्यूएएलसीएल पाहणाऱ्याला धोक्याचं काहीच दिसलं नसतं. रेघ सपाट होती. एका बाजूने कंपन्यांचा कर भरायची तारीख आणि दुसऱ्या बाजूने नव्या सरकारी रोख्यांचे पैसे चुकते करायचा दिवस एकदम आला. पैसा सरकारच्या खात्याकडे वळला आणि आधीच कमी झालेल्या राखीव ठेवी अपुऱ्या पडल्या.

यावर बाजारातल्या लोकांनी काढलेला तोडगा म्हणजे ‘निव्वळ तरलता’: एकूण मालमत्तेतून सरकारचं खातं आणि रिव्हर्स रेपो वजा करायचा. फ्रेडवर हा आलेख पाच मिनिटांत होतो आणि निम्म्या वेळा चुकतो. पहिली मालिका डब्ल्यूएएलसीएल. तिच्यात दुसरी जोडा डब्ल्यूडीटीजीएएल, म्हणजे सरकारच्या खात्याची बुधवारची पातळी. साप्ताहिक सरासरीची मालिका घेऊ नका. बुधवारचा फोटो आणि आठवड्याची सरासरी यांची वजाबाकी म्हणजे दोन वेगळ्या दिवसांचे हिशेब एका वहीत. तिसरी आरआरपीओएनटीएसवायडी, रिव्हर्स रेपोची. ही अब्जात आहे, म्हणून सूत्र ‘ए वजा बी वजा १००० गुणिले सी’.

हजार विसरला तर फ्रेड कसलीही तक्रार करत नाही. आलेख येतो, छान दिसतो आणि साफ चुकीचा असतो. ओळखायची खूण अशी: रिव्हर्स रेपो वजा केल्यावर २०२२ च्या अखेरीस रेघ दोन लाख कोटींहून जास्त खाली यायला हवी, कारण ३० डिसेंबर २०२२ ला त्याचा आकडा २.५५ लाख कोटी होता. वजाबाकी करूनही रेघ जागची हलली नाही तर हजार राहिला. दुसरी खोड वारंवारतेची. रिव्हर्स रेपो रोजचा, बाकीच्या दोन्ही आठवड्याच्या. फ्रेड रोजच्या आकड्यांची आपणहून सरासरी काढतं. ती पद्धत बदलून ‘एंड ऑफ पीरियड’ निवडा आणि आठवडा बुधवारी संपणारा घ्या. तिमाहीच्या शेवटच्या दिवसांत रिव्हर्स रेपो एकदम फुगतो आणि लगेच ओसरतो, तिथे सरासरी आणि बुधवारचा आकडा यांत चांगलंच अंतर पडतं.

हे सगळं जमवूनही सूत्रात एक भोक राहतं. नोटा वजा केलेल्या नाहीत, परदेशी मध्यवर्ती बँकांचा फेडकडचा रिव्हर्स रेपोही नाही. दोन्ही हळू हलतात म्हणून आठवड्याच्या बदलात फारसा फरक पडत नाही. दहा वर्षांच्या तुलनेत पडतो. ज्यांना फक्त बँकांकडचा पैसा बघायचा आहे त्यांनी हा द्राविडी प्राणायाम सोडून राखीव ठेवींची मालिका थेट उघडावी. आणि या सूत्राची रेघ शेअर निर्देशांकावर चढवून खरेदी-विक्री करणाऱ्यांनी निदान दोन वेगवेगळ्या काळांत ती तपासावी. दोन चढत्या रेघा उजव्या-डाव्या मोजपट्ट्या ताणून एकमेकींवर बसवणं फ्रेडमध्ये फारच सोपं आहे.

व्यवहार न होताही मालमत्ता हलते, याकडे सहसा लक्ष जात नाही. फेड रोखे दर्शनी किमतीला दाखवतं. खरेदीच्या वेळी वर मोजलेला अधिमूल्याचा भाग वेगळ्या ओळीत असतो आणि तो दर आठवड्याला थोडा थोडा झिजतो. त्यामुळे एकही रोखा न विकता एकूण आकडा किंचित उतरतो. महागाईशी जोडलेल्या रोख्यांची भरपाई उलट तो वाढवते. २०२२ मध्ये रोख्यांच्या बाजारभावाची दाणादाण उडाली, तिचा मात्र या रेघेवर ओरखडाही नाही, कारण बाजारभाव इथे धरलेलाच नाही. सोन्याची तर गंमतच आहे. ते औंसाला ४२.२२ डॉलर या कायद्याने ठरलेल्या भावाने धरतात, म्हणून जगात सोनं कितीही चढो, फेडच्या पुस्तकात ते ११ अब्जांवर जागचं हलत नाही.

आठवड्याच्या बदलावर भिस्त ठेवू नका, याचं कारणही असंच साधं आहे. सरकारी रोख्यांच्या मुदती महिन्याच्या १५ तारखेला आणि अखेरीला संपतात, म्हणून कपातीच्या काळात त्या आठवड्यांत रेघ पायरी उतरते आणि मधल्या आठवड्यांत रेंगाळते. ‘या आठवड्यात कपात थांबली’ असे मथळे अशाच रेंगाळलेल्या आठवड्यांत निघतात. निदान चार, शक्यतो तेरा आठवड्यांचा बदल पाहावा.

कपातीचा वेग आधी जाहीर होत असल्यामुळे तो आलेखाशी ताडून बघता येतो. जून २०२२ पासून महिन्याला जास्तीत जास्त ४७.५ अब्ज, सप्टेंबरपासून ९५ अब्ज: ६० सरकारी, ३५ गृहकर्जांचे. जून २०२४ पासून सरकारी मर्यादा २५ अब्ज, एप्रिल २०२५ पासून ५ अब्ज आणि १ डिसेंबर २०२५ ला कपात बंद. ही कमाल मर्यादा असते, उद्दिष्ट नव्हे. व्याजदर चढल्यावर कुणी जुनं गृहकर्ज मुदतीआधी फेडेना, त्यामुळे गृहकर्ज रोख्यांची कपात ३५ अब्जांपर्यंत कधी पोहोचलीच नाही. डिसेंबर २०२५ मध्ये फेडने अल्पमुदतीची बिलं विकत घ्यायला सुरुवात केली तेव्हा राखीव ठेवी पुरेशा राहाव्यात हा उद्देश सांगितला होता. तीही खरेदी असल्याने रेघ वर जाणारच. लांब मुदतीचे व्याजदर खाली आणण्यासाठी केलेल्या जुन्या खरेदीशी तिची गल्लत करायची नसेल तर कोणत्या मुदतीचा कागद वाढतोय हे बघावं लागतं, आणि ते डब्ल्यूएएलसीएल सांगत नाही. त्यासाठी एच.४.१ चा दुसरा तक्ता आहे.

इतर मध्यवर्ती बँकांबाबत फ्रेड कामचलाऊ आहे, आणि तुलना करताना जपून. युरोपीय मध्यवर्ती बँकेचा आकडा शुक्रवारचा असतो आणि बँक तो मंगळवारी जाहीर करते. तिथे सोनं आणि परकीय चलन दर तिमाहीअखेर बाजारभावाने पुन्हा मोजतात, म्हणून तिमाही संपताना एक पायरी दिसते जिचा धोरणाशी काडीचाही संबंध नसतो. जून २०२३ च्या अखेरीस त्यांची रेघ कड्यावरून पडल्यासारखी दिसते. तेव्हा बँकांनी जुनी दीर्घमुदतीची कर्जं, सुमारे ४७७ अब्ज युरो, एकाच दिवशी परत केली होती. बँक ऑफ जपान दर दहा दिवसांनी आकडे देते, पण फ्रेडवर महिन्याचे मिळतात, तेही शंभर दशलक्ष, म्हणजे दहा कोटी येनच्या एककात. स्विस नॅशनल बँकेची मालमत्ता मुख्यतः परकीय चलनातली आणि बाजारभावाने मोजलेली. २०२२ मध्ये तिला १३२ अब्ज फ्रँकचा तोटा झाला. तिथली रेघ उतरली म्हणजे पैसा आवळला, असं म्हणणं धाडसाचं. चीनमध्ये तर बँकांनी सक्तीने ठेवायच्या रकमेचं प्रमाण घटवलं की ताळेबंद न वाढवताच पैसा सैल होतो.

तरीही तिन्ही मोठ्या बँकांची बेरीज हवीच असेल तर अशी करा. सगळ्या मालिका मासिक, ‘एंड ऑफ पीरियड’. ए फेड, बी युरोप, सी डॉलर-युरो दर, डी जपान, ई येन-डॉलर दर. सूत्र: ‘ए अधिक बी गुणिले सी अधिक १०० गुणिले डी भागिले ई’. युरोचा दर एका युरोला किती डॉलर असा असतो, येनचा एका डॉलरला किती येन असा. म्हणून एकीकडे गुणाकार, दुसरीकडे भागाकार. उत्तर दशलक्ष डॉलरमध्ये येतं. मग तोच आलेख दर गोठवून, म्हणजे सी आणि ई च्या जागी एकच ठरलेला आकडा टाकून, पुन्हा काढा. २०२२ मध्ये डॉलर वधारला आणि येन ११५ वरून १५० पर्यंत घसरला. त्या वर्षी ‘जागतिक पैसा आटला’ म्हणून दाखवलेल्या आलेखात निव्वळ विनिमयदराचा हिस्सा किती, हे दोन्ही रेघा शेजारी ठेवल्यावर दिसतं.

सेवेच्या तक्रारी थोड्याच आहेत. सूत्रात एककांची गल्लत झाली तर एका ओळीचा इशारा देणं अवघड नव्हतं. टिपांमध्ये ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूकडे बोट दाखवणारा दुवा हवा होता. बाकी एक्सेलची जोडणी व्यवस्थित चालते आणि आकडे आपोआप ओढायची सोय, म्हणजे एपीआय, मोफत किल्लीवर मिनिटाला १२० विनंत्यांपर्यंत मिळते. या कामाला ती पुरून उरते. आलेख जतन करायला मोफत खातं काढावं लागतं. ते काढाच, कारण वरची सूत्रं दर गुरुवारी नव्याने टाइप करायची म्हटलं की हजार विसरला जातो.

बाजाराची माहिती देणारं सशुल्क टर्मिनल असलेल्यांनाही एच.४.१ चं मूळ पत्रक टाळता येत नाही. आकडा फ्रेडवर बघा, कारण तिथे शोधा. पहिल्या तक्त्यात बँकांच्या ठेवी कशाने वाढल्या-घटल्या ते ओळीओळीने आहे, पाचव्यात एकत्रित ताळेबंद. पहिल्या तक्त्यातली बेरीज डब्ल्यूएएलसीएलशी तंतोतंत जुळत नाही म्हणून गोंधळू नका. तिथे सरकारने काढलेली नाणीही धरलेली असतात. ताळा करायचा तो पाचव्या तक्त्याशी.